दाबा, धरा, सोडा

ब्रेकबाईंना खरं नावही होतं, पण ते आता फक्त त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर उरलं होतं, आणि पाटीवरची निम्मी अक्षरं उन्हाने उडाली होती. लोक तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. बावीस वर्षं त्या ब्रेकवर उजवा पाय ठेवून बाई शेजारच्या सीटवर बसत आल्या होत्या. शिकणारा गडबडला की इतर शिकवणारे ओरडतात, कपाळाला हात लावतात, एखादा तर दार उघडून उडी मारायच्या बेतात असतो. बाई काही बोलत नसत. नुसता पाय दाबत. गाडी थांबायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. मग बाई खिडकीबाहेर बघत "छान" म्हणायच्या. त्या छानचा खरा अर्थ कळायला एकेकाला आठवडा लागायचा.

ही सवय गाडीपुरती राहिली असती तर काही म्हणणं नव्हतं. पण बाईंच्या उजव्या पायाला सुट्टी माहीतच नव्हती. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसल्या तरी पाय दाबलेलाच. त्या बिचाऱ्या स्कूटरचं मागचं पायदान दोनदा वाकलं होतं. दातांच्या डॉक्टरने यंत्र सुरू केलं की खुर्चीचा खालचा पत्रा कुरकुरायचा. घरी जेवणाच्या टेबलाखालच्या चटईला बरोबर बाईंच्या उजव्या पावलाखाली भोक पडलं होतं, कारण सून पातेल्यातून कपात दूध ओतताना जरा घाई करायची. "आई, चटईला उंदीर लागलाय वाटतं," सून एकदा म्हणाली. तिचे सासरे ताटात डोकं घालून जेवत राहिले. तो उंदीर कोण, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

एक गोष्ट मात्र घरातही कुणाला धड माहीत नव्हती. ब्रेकबाई गाडी चालवत नसत. येत नव्हती असं नाही. एके काळी झकास चालवायच्या. पण शिकवायला लागल्यावर चाक शिकणाऱ्याच्या हातात आणि बाई शेजारी, असाच दिवस जाऊ लागला. तीनेक वर्षांनी एका दुपारी गाडी उन्हातून सावलीत घ्यायची होती. दहा पावलांचं काम. बाई स्टिअरिंगमागे बसल्या आणि त्यांना सगळं जग उलट्या बाजूला दिसायला लागलं. हात थरथरले. ना कधी अपघात, ना ओरखडा, ना कुणी टाकून बोललेलं. भीतीला निदान कारण तरी असावं, तर तेही नव्हतं, आणि बाईंना त्याचीच जास्त लाज वाटली. त्यांनी उतरून एका विद्यार्थ्याला हाक मारली. तेव्हापासून एकोणीस वर्षं कुणाला ना कुणाला हाक मारणं चालू होतं. सकाळचा पहिला विद्यार्थी घरी येऊन गाडीसकट बाईंना घेऊन जाई, संध्याकाळचा शेवटचा दोघींना घरी आणून सोडी. याला बाई "रहदारीचा सराव" म्हणत. लोकांना वाटे, बाई जादा वेळ देतात. काही जण तर आभारही मानत.

मग परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. नियम नवा होता आणि भाषा नेहमीची, म्हणजे माणसाला जागच्या जागी उभं करणारी. यंदापासून शिकवणीची गाडी प्रशिक्षकाने स्वतः चालवत वार्षिक तपासणीस आणावी. मुदतीत न आणल्यास शाळेची नोंदणी रद्द समजावी. बाईंनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि घडी करून पर्समध्ये ठेवून दिलं. तिथे त्या पत्राने सहा आठवडे मुक्काम केला. आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. कार्यालय चार वाजता बंद व्हायचं.

आणि नेमकी आदल्या संध्याकाळी पुढच्या चाकाजवळची ब्रेकची रबरी नळी फुटली. ब्रेकचं तेल अंगणभर झालं. बाईंचे यजमान हळहळले, सून हळहळली. बाईही हळहळल्या, पण आतून त्यांना असं हलकं वाटलं की रात्री त्या दोन घास जास्त जेवल्या.

सकाळी गाडी गॅरेजात नेली ती ढकलतच. सकाळचा विद्यार्थी शिंपी होता. तो स्टिअरिंगला, शेजारचे दोघे मागून ढकलायला, आणि बाई आपल्या जागेवर. गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. तिथे पोचल्यावर शिंपी कुणाचं तरी माप घ्यायचंय म्हणून पळाला, आणि बाई मिस्त्रीसमोर उभ्या राहिल्या.

मिस्त्री एकहाती काम करणारा माणूस. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर खिळ्यांना पाने ओळीने टांगलेले, कोपऱ्यात टायरांची चळत, आणि दाराशी एका भंगारातल्या मोटारीचं मागचं सीट. त्या सीटवर मिस्त्रीची ऐंशी वर्षांची आई बसलेली असे. ती तिथे शोभेला नव्हती. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. तीस वर्षं पेडलवर तीच होती. "माझ्या आईसारखा पाय या शहरात दुसरा नाही," मिस्त्री सांगायचा. पण या आठवड्यात म्हातारीचा गुडघा सुजला होता, आणि तो स्टुलावर ठेवून ती डुलक्या घेत होती.

"चारच्या आत गाडी हवी," बाई म्हणाल्या. म्हणायलाच हवं होतं.

"नळी बदलायची, हवा काढायची. बारापर्यंत घेऊन जा."

"बारालाच?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

मिस्त्रीने गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढून भिंतीला टेकवली, नवी नळी बसवली. बाटलीतून तेल भरलं. मग हात पुसत म्हणाला, "बाई, आज आईच्या जागी तुम्ही. आत बसा आणि ब्रेक दाबा. मी दाबा म्हटलं की तीनदा दाबायचं, धरा म्हटलं की धरून ठेवायचं, आणि मी सोडा म्हणेपर्यंत देव आला तरी सोडायचं नाही."

"मिस्त्री, ब्रेक धरणं मला शिकवताय?"

बाई एका रिकाम्या डब्यावर पाय देऊन आत चढल्या, आपल्या जागेवर बसल्या, पदर सारखा केला आणि ब्रेकवर पाय ठेवला. मिस्त्री पार मागच्या लांबच्या चाकापाशी जाऊन आडवा झाला. तिथल्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या बारीक तोंडाला, त्याने पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. हवा असेल तर तिथे बुडबुडे येणार.

"दाबा!"

"दाबला!"

"धरा!"

"धरलाय!"

"सोडा!"

बाईंचा पाय बावीस वर्षांच्या सरावाचा. वेळेत, जोरात, तळापर्यंत. मिस्त्री खुश झाला. चारही चाकं झाली. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले, मग नुसतं स्वच्छ तेल. मिस्त्री उठला, चालकाच्या बाजूचं दार उघडून बाईंच्या शेजारी बसला आणि पेडल दाबलं. ते लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं.

"असं कसं?" मिस्त्री म्हणाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांना स्वतःचा राग आला, पण भांड्यात पडायचं ते काम होऊन गेलं होतं.

मिस्त्रीने पुन्हा दाबलं, पाठोपाठ तीनदा दाबलं. तिसऱ्यांदा पेडल जरा वर आलं. "मारल्यावर वर येतंय म्हणजे हवा आहे," तो म्हणाला. मग त्याने पेडल दाबून धरलं आणि शंभर आकडे मोजले. पेडल जागचं हललं नाही. "धरल्यावर खाली बसत नाही म्हणजे मास्टर सिलिंडर ठणठणीत. आत हवाच राहिलीय. काढू पुन्हा."

पुन्हा काढली. दाबा, धरा, सोडा; चार चाकं, प्रत्येकी दहा वेळा. बाटलीत एकही बुडबुडा नाही. मिस्त्री येऊन बसला, दाबलं. पेडल मऊ ते मऊच. बारा वाजून गेले होते.

आता मिस्त्रीचं डोकं तापलं. बुडबुडे येत नाहीत, म्हणजे हवा नाही. पेडल मऊ आहे, म्हणजे हवा आहे. या दोन गोष्टी एका गाडीत एकत्र नांदू शकत नाहीत, असं त्याने गाडीला उद्देशून दोनदा सांगितलं. मग तो शोधायला लागला की माशी शिंकली कुठे. प्रत्येक जोडावर कोरडी फडकी फिरवून गळती पाहिली. नळ्या एकेक करून चिमट्याने बंद करून पाहिल्या. मागच्या चाकांच्या ब्रेकचे लायनर सैल आहेत का पाहिलं, तेही जवळ घेतले. निपल वरच्या अंगाला आहेत ना, की उलटे बसलेत, तेही बोट लावून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. बाई गाडीत बसून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या मनात दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती, होऊ दे उशीर, वाजू देत चार. दुसरीला पाटी दिसत होती, तीस-बत्तीस शिकणारे दिसत होते, आणि परवाच जिला पहिल्यांदा वळण जमलं ती नर्स, वळणानंतर गाडीतच टाळ्या पिटणारी. शाळा बंद झाली तर तिला काय सांगायचं? ब्रेक मऊ होता म्हणून?

तिसऱ्यांदा हवा काढली तेव्हा दोन वाजले होते आणि तेलाची दुसरी बाटली संपत आली होती. मिस्त्री चालकाच्या जागेवर येऊन बसला, पेडल दाबलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. खरं तर इथे एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात यायला हवी होती. मिस्त्री तीन वेळा त्या जागेवर येऊन बसला होता, आणि तीनही वेळा बाईंना तिथून उठावं लागलं नव्हतं. पण मिस्त्रीने बाईंना वर्षानुवर्षं शेजारच्या सीटवरच पाहिलेलं. त्या दुसरीकडे कुठे दिसल्या असत्या, तर तो दचकला असता.

"बाई, मी हात टेकले," तो म्हणाला. "ठणठणीत वाटतोय, तरी मास्टर सिलिंडरच बदलून बघू. नवा उद्या येईल."

उद्या! इतका गोड शब्द बाईंनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. आणि त्याच क्षणी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण उद्या शाळा नव्हती. दोन्ही एकदम झालं, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि सवयीने म्हणाल्या, "छान."

या आवाजाने म्हातारी जागी झाली.

"झालं का रे?"

"कुठलं काय, आई. तीनदा हवा काढली. पेडल वर यायचं नाव नाही."

"पेडलवर कोण होतं?"

"बाई होत्या. पाय एकदम तुझ्यासारखा आहे बघ."

म्हातारीने गुडघा स्टुलावरून खाली घेतला, डोळे बारीक केले आणि गाडीत एकमेकांशेजारी बसलेल्या त्या दोघांकडे बराच वेळ पाहिलं.

"ती तिथे बसून दाबत होती?"

"मग कुठे बसणार?" मिस्त्री म्हणाला. त्याने बाईंच्या पायाशी पाहिलं. मग स्वतःच्या पायाशी पाहिलं. "बाई," तो हळूच म्हणाला, "जरा तुमचा दाबा बघू."

बाईंनी दाबला. त्यांचं पेडल तळाला टेकलं. मिस्त्रीच्या पायाशी असलेलं पेडल निम्म्यात जाऊन थांबलं. शेजारच्या पेडलपासून चालकाच्या पेडलला एक तार जाते, ती वर्षानुवर्षांच्या दाबण्याने ताणून सैल झाली होती. बाई जीव खाऊन दाबत होत्या, आणि खऱ्या पेडलला निम्मीच चाल मिळत होती. आतली हवा प्रत्येक वेळी थोडी पुढे जात होती आणि थोडी मागे येत होती. बाटलीपर्यंत पोचायची तिला कधी पाळीच आली नाही.

"पण तुम्ही ब्रेक दाबा म्हणालात!" बाई म्हणाल्या.

"मी हा म्हणालो होतो!" मिस्त्रीने आपल्या पायाशी बोट दाखवलं.

"हा कुठे म्हणालात? ब्रेक म्हणालात. ब्रेक हा आहे."

"तिचं काही चुकलं नाही," म्हातारीने निकाल दिला. "तू म्हणालास दाब, तिने आपला दाबला. आता ऊठ तिथून, आणि तिला बसू दे."

मिस्त्री उडी मारून उतरला आणि आदबीने दार उघडं धरून उभा राहिला. बाई हलल्या नाहीत.

"मी इथूनच दाबते. अजून जोरात."

"बाई, जोराचा प्रश्न नाही हो. तार..."

"मग मावशींना बसवा."

"माझा गुडघा बघ," म्हातारी म्हणाली.

बाईंनी पर्सचा बंद हातात घट्ट धरला. खोटं बोलायला एकोणीस वर्षांत त्यांना कधी अडचण पडली नव्हती, पण आज सुचेना. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "मी त्या जागेवर बसत नाही. एकोणीस वर्षं झाली. मला भीती वाटते. आणि आज चारच्या आत गाडी मीच चालवत नेली नाही तर शाळा बंद होणार आहे. झालं. बोलले."

मिस्त्री फडक्याने उगीचच हात पुसायला लागला. त्याच्या बायकोला बाईंनी शिकवलं होतं, त्याच्या मेहुण्याला शिकवलं होतं. म्हातारी मात्र तशीच बसली होती.

"भीती कसली? चालवायची?"

"हो."

"अगं पण पोरी, गाडीला चाकंच नाहीत. जाशील कुठे?"

बाईंनी बाहेर पाहिलं. चारही चाकं भिंतीला टेकून उभी होती. गाडी लोखंडी घोड्यांवर अधांतरी. खरंच, या गाडीला आज जगातली कुठलीच भीती कुठेही नेऊ शकत नव्हती. बाईंना आधी हसू आलं, मग ते आवरेना. हसता हसताच त्या उतरल्या, गाडीला वळसा घातला, आणि हसू पुरतंय तोवर दुसऱ्या बाजूने आत चढून बसल्या. सीट मिस्त्रीच्या मापाचं होतं. त्यांनी ते पुढे ओढलं. हात थरथरत होते ते मांडीखाली दाबले. इथे हातांचं काही काम नव्हतंच.

"दाबा!" मिस्त्री मागून ओरडला.

बाईंनी दाबला. हे पेडल त्यांच्या पेडलसारखं नव्हतं. अरुंद होतं, रबर झिजलेलं होतं; शेकडो घाबरलेल्या पायांनी ते झिजवलं होतं.

"धरा! अहो, बुडबुडे! बुडबुडे आले बाई! सोडू नका!"

"धरलाय!" बाई ओरडल्या, आणि त्यांचा आवाज पत्र्यावर आपटून परत आला.

बाटली सोड्यासारखी फसफसली म्हणे. दुसऱ्या चाकाला कमी, तिसऱ्याला अजून कमी. चौथ्या चाकाला बाईंना कुणी सांगायच्या आधीच कळलं. पेडल वरच्या वर अडलं आणि खालून पायाला ठामपणे भिडलं. खूप दिवसांनी कुणीतरी सरळ उत्तर द्यावं तसं त्यांना वाटलं. त्यांनी ते उगीचच आणखी दोनदा दाबून पाहिलं.

मिस्त्रीने शेजारच्या पेडलची तार आवळली, चाकं चढवली आणि घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. "बाई, उतरा. जॅक लावून गाडी खाली घेतो."

"उतरणार नाही."

"अहो, माणूस आत असताना..."

"उतरले तर पुन्हा बसायची नाही. आहे तशी घ्या खाली."

मिस्त्री आईकडे बघायला लागला. "घे की," म्हातारी म्हणाली. "हळू घे." मग एकेक कोपरा करत मिस्त्रीने गाडी बाईंसकट जमिनीवर उतरवली. चारही चाकं टेकली तेव्हा बाईंच्या हसण्याचा मागमूस उरला नव्हता आणि त्यांची पाचावर धारण बसली होती. पण दार लावलेलं होतं, सीट मापाचं होतं, आणि पायाखाली ब्रेक होता. निदान थांबणं तरी येतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तेच तर बावीस वर्षं केलंय.

आपल्या कामाची खात्री म्हणून मिस्त्री शेजारी बसला. म्हणजे बाईंच्या जागेवर.

पहिली गल्ली त्यांनी इतकी हळू काढली की एक सायकलवाला घंटा वाजवून पुढे गेला. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आपोआप थांबली. बाईंना वाटलं, आपणच थांबवली. चौकात पुन्हा थांबली. पुढच्या वळणावर तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मात्र बाईंना सगळं लख्ख कळलं. त्यांनी मान वळवून पाहिलं. मिस्त्री ताठ बसला होता, एका हाताने दाराची मूठ धरलेली, आणि उजवा पाय पेडलवर पार तळापर्यंत.

"छान," मिस्त्री कसाबसा म्हणाला.

"पाय मागे घ्या."

"नाही म्हणजे, ते सायकलवाले..."

"मिस्त्री, तो माझा ब्रेक आहे. पाय मागे घ्या आणि सीटखाली ठेवा. गाडी मी चालवतेय."

मिस्त्रीने पाय सीटखाली घेतले आणि पुढचा सगळा रस्ता तो देवाचं नाव घेत होता की पान्यांची मापं पाठ म्हणत होता, ते काही कळलं नाही. बाईंचे हात शेवटपर्यंत थरथरत होते. पण थरथरत्या हातांनीही गाडी वळते, हे शेकडो जणांना शिकवलेलं त्यांनी आज पहिल्यांदा स्वतः ऐकलं.

कार्यालयाच्या आवारात शिरल्या तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. तपासणी अधिकारी टेबल आवरायला लागला होता. बाईंचं पत्र पाहून तो कुरकुरत बाहेर आला, गाडीत बसला, दोन्ही पेडलं दाबून पाहिली, आवारात एक फेरी मारली आणि मधेच करकचून ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"ब्रेक झकास आहे," तो उतरत म्हणाला.

"साहेब, त्याची तर मोठी गंमतच झाली," मिस्त्री पुढे सरसावला. "तीनदा हवा काढली, पण..."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मिस्त्री थांबला.

अधिकाऱ्याने फॉर्म गाडीच्या बॉनेटवर ठेवला, पेन झटकलं आणि शेवटच्या रकान्यापाशी येऊन वर न बघता विचारलं, "गाडी चालवत कुणी आणली?"

मिस्त्रीने पुन्हा तोंड उघडलं. बाईंनी त्याच्या पायावर आपला उजवा पाय ठेवला आणि दाबला, चांगला तळापर्यंत.

"मी," त्या म्हणाल्या.